वारंगुळ्याचा कॉम्प्युटर

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला, त्यानंतर आठ महिने त्याला हळदीकुंकवाशिवाय कशाचाही स्पर्श झाला नव्हता. सणसवाडीच्या एका कारखान्यानं आपली जुनी यंत्रं बदलली, त्यातलं एक आमच्या वाट्याला आलं. ते टेम्पोतून उतरलं तेव्हा नारळ फुटला. खंडेनवमीला त्याच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. एरवी ते हेडमास्तरांच्या खोलीत भरतकामाच्या कापडाखाली झाकलेलं असायचं, आणि खोलीची किल्ली हेडमास्तरांच्या खिशात असायची.

हेडमास्तर माणूस चांगला, पण भित्रा. मी कॉम्प्युटरचा विषय काढला की ते रजिस्टर उघडून दाखवायचे. "बाई, इथं माझी सही आहे. काही बिघडलं तर मी रिटायर होताना हे सगळे कागद माझ्यासमोर ठेवतील. तुम्ही नसाल तेव्हा." मी म्हणायची, "सर, न वापरतासुद्धा तो बिघडतोच. सायकलसारखं आहे." ते हसायचे आणि रजिस्टर मिटायचे.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. न्हावरे आणि मांडवगण फराटा यांच्या मधल्या एका वाडीवरची सातवीपर्यंतची शाळा. मी दौंडची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. रोज एसटीनं फाट्यापर्यंत आणि तिथून कुणाच्या तरी मोटारसायकलवर किंवा पायी शाळेत यायची. शेतीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. कांद्याची पात आणि लसणाची पात यांतला फरक मला पाचवीच्या पोरांनी शिकवला, आणि तो शिकवताना त्यांना किती आनंद झाला हे मी अजून विसरलेले नाही.

पण कॉम्प्युटरचा माझा राग जुना होता. नोकरी लागण्याआधी मी दौंडला स्टेशनजवळ एका क्लासला जायची. सहा जणांत एक यंत्र. खुर्चीवर एक मुलगा बसायचा आणि आम्ही पाच जणी त्याच्या पाठीमागे उभ्या. सर म्हणायचे, "बघून घ्या, बघून घ्या." चार महिने मी त्या मुलाची मान बघितली. सर्टिफिकेट मिळालं, त्यावर प्रथम श्रेणी लिहिली होती. त्या कागदाची मला इतकी लाज वाटायची की मी तो घरी कुणाला दाखवला नाही. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या हातात कधी एक यंत्र आणि तीस पोरं आली, तर मान बघायची वेळ मी कुणावर आणणार नाही.

शिरूरला एका प्रशिक्षणात मला एक फ्लॉपी मिळाली. तिच्यात कासवाचा खेळ होता. पडद्यावर एक छोटा त्रिकोण, त्याला कासव म्हणायचं. इंग्रजी अक्षरांत हुकूम लिहिले की ते पुढे जातं, उजवीकडे वळतं, डावीकडे वळतं आणि मागे रेघ सोडतं. तोच हुकूम पुन्हा पुन्हा हवा असेल तर 'हे एवढं इतक्या वेळा कर' असंही सांगता येतं. बस, एवढाच खेळ. पण तोच प्रोग्रॅम लिहिण्याचा श्रीगणेशा होता आणि मला तो पुरेसा होता. मी हेडमास्तरांच्या मागे हात धुऊन लागले. शेवटी त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास किल्ली द्यायचं कबूल केलं. स्वतः खोलीत बसून राहायचं, या अटीवर.

सातवीची तीस पोरं आणि खुर्ची एक. पहिल्या शनिवारी जे व्हायचं तेच झालं. धडधाकट पोरं पुढे, बाकीची भिंतीला. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि व्हरांड्यात बसवून विचारलं, "तुमच्याकडं एकाचंच औत असलं आणि रानं दहा जणांची असली, तर काय करता?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बाईंना एवढंही माहीत नाही, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं.

"वारंगुळा करत्यात की," मागून एक मुलगी म्हणाली.

ही मुलगी फार बोलायची नाही. तिच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, आता तीन एकर ऊस-कांदा. बाप औत धरायचा आणि ही बैलांपुढं चालायची. तिनंच मला वारंगुळा समजावून सांगितला. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा दुसरा, तिसऱ्याचं औत, चौथ्याची माणसं. आज सगळी मिळून याच्या रानात, उद्या त्याच्या. पैशाचा व्यवहार नाही. "आन् बाई," ती म्हणाली, "धरलेलं रान अर्धं टाकून बैल दुसरीकडं न्यायचं न्हाईत. मग कुणीबी असू दे. सरपंच असला तरी."

मी म्हटलं, ठरलं. आपला कॉम्प्युटर वारंगुळ्याचा. पाच-पाच जणांचे सहा गट. एका शनिवारी एका गटाचं चित्र, पण डोकं सगळ्यांनी चालवायचं. खुर्चीवर बसेल त्यानं फक्त बटणं दाबायची, स्वतःच्या मनानं एक अक्षर टाकायचं नाही. बाकीच्यांनी हुकूम सांगायचे आणि वहीत उतरवायचे. पाच हुकूम झाले की खुर्चीवरचा उठणार.

लाइट मात्र आमच्या वेळापत्रकानं चालत नव्हती. लोडशेडिंगचा कागद निघायचा एक आणि वीज जायची भलत्याच वेळी. तेव्हा आम्ही पटांगणात खेळायचो. एक पोरगं कासव व्हायचं, हातात कबड्डीचं मैदान आखायची फक्की घ्यायचं आणि गट सांगेल तसं चालायचं. कासवानं विचार करायचा नाही, हा एकच नियम. पहिल्या दिवशी कुणी 'थांब' म्हणालं नाही म्हणून आमचं कासव सरळ पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळलं आणि तरी पाय हलवत राहिलं. हेडमास्तर हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले. त्या दिवसापासून ते शनिवारची वाट बघायला लागले, फक्त तसं बोलून दाखवत नव्हते.

दोन महिन्यांत पोरांनी चौकोन काढले, घरं काढली, देवळाचा कळस काढला. आणि हीच पोरं घरी जाऊन सांगायला लागली की आम्ही शाळेत कॉम्प्युटरवर गेम खेळतो.

झालं. गावच्या शिक्षण समितीची बैठक बसली. समितीचे अध्यक्ष म्हणजे आबा. सत्तरीचे, पांढरी टोपी, मिशीला पीळ, अख्ख्या वाडीत त्यांचा शब्द चालायचा. शेजारच्या मोठ्या गावच्या हायस्कूलला आधीच दोन कॉम्प्युटर होते, त्यांना तिसरा हवा होता. त्यांनी आबांना गाठलं होतं.

"बाई, राग मानू नका," आबा म्हणाले. "पोरं खेळच खेळत्यात म्हणं. मग हायस्कूलला दिल्याला काय वाईट? तिथं काय तरी शिकतील."

"आबा, खेळतात म्हणूनच शिकतात."

"आवो, पण काय शिकत्यात? माझं रान नांगरून दावतंय का तुमचं कासव?"

सगळे हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, तसं मी म्हटलं, "नांगरून नाही, पण सऱ्या पाडून दाखवू. पोरंच दाखवतील. नाही दाखवल्या तर मी स्वतः कॉम्प्युटर टेम्पोत चढवते."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "अमावास्येला या मग बसू. औतं सुटल्याली असत्यात, समद्यांना सवड असती."

अमावास्येला दहा दिवस होते. बाहेर आल्यावर हेडमास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, हात दाखवून अवलक्षण केलंत." मला ते तेव्हाच कळलं होतं. सऱ्या म्हणजे काय हे तरी मला कुठं नीट माहीत होतं! शेतातले समांतर उंचवटे आणि त्यांच्या मधून जाणारं पाणी, एसटीच्या खिडकीतून दिसतं तेवढंच.

त्या रात्री माझी झोप उडाली हे कबूल करते. मला शाळेची काळजी नव्हती, त्या तीस पोरांचीही तेवढी नव्हती. मला पुन्हा ती क्लासमधली मान दिसत होती. हायस्कूलला गेलेल्या कॉम्प्युटरसमोर कुणीतरी बसलेलं असेल आणि आमची पोरं, गेलीच तिथवर, तर मागे उभी राहतील.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर माझं गणित मांडलं. शंभर पुढे जा. उजवीकडे वळ. दहा पुढे. उजवीकडे वळ. हे दहा वेळा कर, म्हणजे दहा सऱ्या. किती सोपं! लाइट नव्हती, म्हणून एका पोराला फक्की देऊन पटांगणात सोडलं. तो सरळ गेला, वळला, एक पाऊल सरकला, वळला, दुसरी सरी काढत खाली आला, वळला, सरकला, वळला. आणि पहिल्याच रेघेवरून पुन्हा चालायला लागला.

पोरं लोळून हसायला लागली. "बाई, औत परत त्याच सरीत आलं!"

मी चिडले. खरंच चिडले. मला वाटलं कासव झालेला पोरगा मस्ती करतोय. त्याला दटावलं, पुन्हा चालायला लावलं. पुन्हा तेच. मग म्हटलं, थांबा, कॉम्प्युटरवर बघू, यंत्र मस्ती करत नाही. लाइट येईपर्यंत सगळ्यांना ताटकळत ठेवलं. आली आणि बटणं दाबली. पडद्यावर एक उभा लांबट चौकोन उमटला आणि त्याच्याच कडेनं कासव घाण्याच्या बैलासारखं गोल गोल फिरत राहिलं.

बाईंना हसावं की नाही, अशा पेचात पोरं पडली होती. ती मुलगी पुढे आली आणि खाली बघत म्हणाली, "बाई, असं कुणी सऱ्या पाडत न्हाई. ह्या बांधाला उजवीकडं वळलं की त्या बांधाला डावीकडं वळायचं असतंय. बैलांनाबी ठावं हाय."

मला फार शरमल्यासारखं झालं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी तीस पोरांसमोर म्हटलं, "माझं चुकलं. आणि त्याला उगाच दटावलं, तेही चुकलं. तू सांग, मी लिहिते." मी खडू घेऊन फळ्यापाशी उभी राहिले आणि ती सांगत गेली. शंभर पुढे, उजवीकडे, दहा, उजवीकडे. शंभर पुढे, डावीकडे, दहा, डावीकडे. हे पाच वेळा. एक फेरा म्हणजे एक सरी नाही, जाऊन-येऊन दोन सऱ्या. मी त्या क्लासमध्ये चार महिन्यांत जे शिकले नाही ते बैलांपुढं चालणाऱ्या पोरीनं मला पाच मिनिटांत शिकवलं. पडद्यावर दहा सऱ्या लखलखीत उभ्या राहिल्या. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या आणि मग एकदम दचकून किल्ली चाचपली.

अमावास्येला सकाळी अकराला समितीची आठ-दहा माणसं हेडमास्तरांच्या खोलीत दाटीवाटीनं बसली. पोरं भिंतीला नाही, यंत्राभोवती. लाइट होती. एक जण खुर्चीवर, बाकीच्यांनी हुकूम सांगितले. कासव निघालं आणि एकेक सरी पाडत त्यानं दहा सऱ्या पुऱ्या केल्या. मी आबांकडे बघितलं.

आबा चष्मा वर करून पडद्याजवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ब्येस हाय. पण हे रान माझं न्हवं."

"म्हणजे?"

"माझं रान वड्याकडनं तिरकं हाय. हे तर पत्त्याच्या पानावानी चौकोनी काढलंय. मी माझ्या रानाचं म्हन्लं व्हतं."

तिरक्या रानात प्रत्येक सरी वेगळ्या लांबीची, पाच वेळा-दहा वेळा असं काही चालणार नाही. तशी तयारी आम्ही केलीच नव्हती. हेडमास्तरांनी हायस्कूलच्या ठरावाचा कागद हळूच पुढे ओढला. मी काही बोलणार इतक्यात त्या मुलीनं वहीचं कोरं पान काढलं आणि विचारलं, "आबा, पयली सरी किती पावलं?"

आबा थबकले. "पयली? व्हय... शंभराला दोन कमी."

"आन् दुसरी?"

आबा तिथंच स्टूल ओढून बसले. पोरांनी एका पावलाला एक असं माप धरलं. सहा गटांनी सऱ्या वाटून घेतल्या. अकरा सऱ्यांचं रान निघालं. तिसऱ्या सरीला कासव फार पुढे गेलं तेव्हा आबा ओरडले, "आरं, बैलं वड्यात घातली की! मागं घ्या, मागं घ्या!" पोरांनी वहीतला आकडा खोडला आणि आठ पावलं कमी केली. आबांनी मग प्रत्येक वळणावर हात वर करून डावं-उजवं सांगायला सुरुवात केली. समितीतला एक जण म्हणाला की चौथी सरी आबा म्हणतात तेवढी नाही, मी दर साल तिथनं पाणी देतो. दोघांची जुंपली. पोरांनी दोघांचे आकडे घालून बघितले, आणि पाणी देणारा खरा निघाला. ओढ्याकडच्या बाजूला रेघा जरा पायऱ्यांसारख्या दिसत होत्या, पण रान ओळखू येत होतं. आबांच्या तोंडावर ते ओळखल्याचं दिसत होतं.

सात सऱ्या झाल्या आणि लाइट गेली.

पडदा काळा झाला. आमच्या यंत्राला बॅटरीबिटरी काही नव्हती, पडद्यावर होतं ते गेलं. कुणीतरी उसासा टाकला. हेडमास्तरांनी घसा साफ करून ठरावाचा कागद हातात घेतला. "मग आबा, हायस्कूलच्या मागणीचं... सगळे आहेतच तर..."

आबा स्टुलावरून उठले नाहीत. "गुर्जी," ते म्हणाले, "धरल्यालं रान अर्धं टाकून बैलं कुठं जात न्हाईत. माझ्या चार सऱ्या राहिल्यात. लाइट कवा येती?"

कागदावर हेडमास्तरांनी काय लिहिलं ते मी नंतर वाचलं. 'संगणक हलवण्याचा विषय अध्यक्षांच्या शेताचे काम पूर्ण होईपर्यंत तहकूब.' असा ठराव दुसऱ्या कुठल्या शाळेच्या दप्तरात असेल असं वाटत नाही.

अमावास्या असल्यामुळे कुणालाच घाई नव्हती. कुणाच्या तरी घरून चहा आला, पोरांनी डबे खाल्ले. तीन वाजता लाइट आली. सकाळी गेलेल्या सातही सऱ्या पोरांच्या वहीत उतरवलेल्या होत्या. त्यांनी त्या पाठ म्हटल्यासारख्या पुन्हा घातल्या. मग आठवी, नववी, दहावी. खुर्चीवर पाळीप्रमाणे ती मुलगी आली होती. अकरावी सरी राहिली. सगळ्या पोरांनी तिचा आकडा एका सुरात सांगितला.

तिनं हात मांडीवर ठेवले.

"घाल की गं," मी म्हटलं. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही म्हणून ती थांबली. मी पुन्हा सांगणार होते, थोडी चिडूनच. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी गप्प बसले.

"का गं पोरी," आबा म्हणाले, "दमलीस का?"

"व्हय आबा," ती म्हणाली. आणि मागून बाकीची सगळी पोरं बोलली, "दमलो, आबा."

आबांनी पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे. मी नजर खाली घातली नाही. त्यांनी टोपी नीट केली आणि स्टुलावरून उठले.

"दमली असली तर औत सोडावंच लागतंय," ते म्हणाले. "बैलाला मारून रान व्हत न्हाई." आणि चपला घालून निघून गेले.

आम्ही ते रान फ्लॉपीवर सेव्ह केलं. त्यानंतर वाडीतल्या पुष्कळ जणांची रानं त्या पडद्यावर झाली. विहिरीसकट झाली, गोठ्यासकट झाली, एकदा तर ऊसतोडीच्या गाडीवाटेसकट झाली. हायस्कूलचा निरोप दर वर्षी यायचा आणि समिती दर वर्षी हेडमास्तरांना विचारायची, "आबांचं रान झालं का?" हेडमास्तर रजिस्टर बघितल्यासारखं करून सांगायचे, "अजून नाही." पुढे ते रिटायर झाले. त्यांचे कागद कुणी अडवले नाहीत, आणि किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली.

माझी बदली झाली तेव्हा सातवीची चौथी तुकडी त्या यंत्राभोवती बसत होती. जायच्या दिवशी मी ती जुनी फ्लॉपी घालून बघितली. दहा सऱ्या होत्या. अकरावी मी पाडली नाही.